पुनवेआधीची होडी

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. दादू. या वयात मला कोण काय म्हणणार हाय? आणि त्या दिवसाची गोष्ट सांगायची तर दादूचं नाव घेतल्याशिवाय ती पुढं सरकतच नाय. तोही तसाच, ढकलल्याशिवाय न सरकणारा.

आमचं भाटीपाडा खाडीच्या तोंडावर, केळव्याच्या दक्षिणेला. पुरुषांनी दर्यावर जायचं आणि बायकांनी पाड्यांवर, अशी आमची जुनी वाटणी. समुद्रातला खडक न खडक पुरुषांना ठाऊक, पण आत डोंगराकडं कुठला पाडा कुठं हाय हे विचारलंत तर एकाला सांगता यायचं नाय. ते आमचं काम. सुके बोंबील, जवळा, मांदेली टोपलीत भरायची, डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर टोपली, आणि चालू लागायचं. वारली माणसं बदल्यात भात द्यायची. काटीपाड्यात माजं ठरलेलं घर नवसीचं. मी एकदा भरल्या दिवसांची फेरीला गेले, सासूनं नको म्हटलं म्हणून तर हट्टानं गेले, आणि नवसीच्या पडवीत पोचते न पोचते तोच कळा सुरू झाल्या. माजी शकू तिथंच झाली, नवसीच्या हातावर. तेव्हापासून भात किती आणि बोंबील किती हे आमी दोघींनी सोडून दिलं. भांडणं मात्र सोडली नायत.

त्या वर्षी तारापूरला विजेचा मोठा कारखाना बांधत होते आणि रस्त्यानं सारखे रेतीचे ट्रक धावायचे. श्रावण लागला होता. पावसानं जरा उघडीप दिली म्हणून मी सकाळीच टोपली घेऊन निघाले. ओढ्यापाशी पोचते तर साकव गायब. लाकडं, दोर, सगळं पुरानं नेलेलं. पाणी असं लाल आणि फुगलेलं, की त्यात पाय घालायचं धाडस रेड्यानंही केलं नसतं. पलीकडच्या काठावर नवसीचा नवरा भिका उभा होता. त्याला बघून मी हाक मारली, तर तो तिथंच मटकन खाली बसला.

"पाड्यात मरी आली," तो ओरडून म्हणाला. "उलट्या आणि जुलाब. दोन म्हातारी गेली. नवसी पहाटेपासून पडलीय. तिचे हातपाय वळतात."

मरी म्हणजे पटकी. पटकी आमच्या गावानं बघितलीय. सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळी तिरडीवर, असा तिचा हिशेब. मी टोपली तिथंच झाडाखाली ठेवली, कुत्री खावोत नायतर कावळे. भिकाला सांगितलं, "पाणी उकळून पाज तिला. थोडं थोडं, मीठ टाकून. मी डॉक्टर घेऊन येते." तो म्हणाला, "कुठून आणशील?" मी म्हटलं, "ते माजं मी बघते."

रस्त्याला लागले आणि समोरून रेतीचा ट्रक आला. मी मधोमध उभी राहिले. ड्रायव्हर पंजाबी, दाढीवाला. खिडकीतून तोंड काढून ओरडला, "मरना है क्या अम्मा?" मी म्हटलं, "मला नाय मरायचं, दुसरं कोणी मरतंय, पालघरला चल." त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं दार उघडलं. आयुष्यात पयल्यांदा ट्रकात बसले, आणि तो असा हाकत होता की मी मुंबादेवीपासून ग्रामदेवीपर्यंत सगळ्यांना नवस बोलून घेतले.

पालघरच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर आला होता, कमलाकांत राऊत. केळव्याच्या नारळी-सुपारीच्या वाडीवाल्यांपैकी, कोवळा पोरगा, जाड भिंगांचा चष्मा. मी रांग मोडून आत शिरले. तो म्हणाला, "बाई, रांगेत या." मी म्हटलं, "काटीपाड्यातली माणसं रांगेत मरतायत डॉक्टर." त्यानं हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं आणि नीट ऐकून घेतलं. हे त्याचं मला आवडलं. दोनच प्रश्न विचारले, जुलाब कसे दिसतात आणि पाणी कुठलं पितात. मग कपाटातून सलाईनच्या बाटल्या काढून एका पेटीत भरल्या.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"इथं एवढ्याच आहेत. ठाण्याला फोन करतो. बाकीच्या पेट्या गाडीनं मागून येतील, तुमच्या गावापर्यंत. पण ओढा कसा ओलांडायचा?"

"ओढा नाय ओलांडायचा. खाडीनं वर जायचं. होडी थेट पाड्याच्या बुडाशी लागते."

हे मी बोलून गेले, आणि बाहेर थांबलेल्या त्याच ट्रकात डॉक्टरला घेऊन परत बसल्यावर ध्यानात आलं, आपण काय बोललो. कारण आमच्याकडं पावसात होडी पाण्यात जात नाय. जेठ महिना लागला की होड्या वाळूवर ओढायच्या, वर झावळ्यांचं छप्पर घालायचं, वल्ही माळ्यावर. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला की मगच होडी पाण्याला लावायची. पुनवेला अजून आठवडा होता. आणि पुनवेआधी कोणी होडी लावली, आणि पुढं वर्षभरात गावातली एखादी होडी बुडाली, तर बोट त्याच्याकडं दाखवायचं. विधवा त्याच्या दारात येऊन रडणार. दादूच्या आज्याच्या वेळी एका घराला याच पायी गाव सोडून जावं लागलं होतं.

बंदरावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि भरती लागली होती. खाडीचं पाणी वर चढत होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी आपणहून पाड्याकडं नेणार. याहून चांगली वेळ नाय. मी दादूला सगळं सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. त्याचा हात थांबला. तेवढ्यात नरहरी पाटील आले. आमच्या गावचे पाटील, नात्यानं माजे चुलत सासरे, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. मी पदर डोक्यावर घेतला.

"सून काय म्हणते ते ऐकलं," मामा म्हणाले. "माणसं मरतात ते वाईट हाय. पण नारळाआधी होडी नाय."

"मामा, खाडीत जायचंय, दर्यात नाय."

"भरतीचं पाणी दर्याचंच. तुला शिकवायला पायजे?"

इथं डॉक्टरानं तोंड घातलं. "पाटील, ही सगळी अंधश्रद्धा आहे. समुद्राला पौर्णिमा कळते का?" झालं. जे दोन-चार पुरुष मनात तयार होत आले होते, तेही हाताची घडी घालून उभे राहिले. मी डॉक्टरकडं असं बघितलं की तो पेटीवर बसला आणि चष्मा पुसू लागला. अरे बाबा, भरतीओहोटी पुनवेवर चालते हे ज्यांच्या पोटापाण्याला ठाऊक, त्यांना हा विचारतो पौर्णिमा कळते का.

मी दादूला म्हटलं, "शकूचे पाप्पा, मी काय म्हणते ते ऐका. तुमच्या पोरीची नाळ जिनं कापली ती मरतेय." तो हळूच म्हणाला, "मंजुळे, समजतं मला. पण उद्या आपल्या शेजारच्या नवश्याची होडी बुडाली तर मी त्याच्या बायकोला काय सांगू?" खोटं नव्हता बोलत तो. म्हणून तर मला जास्त राग आला. खोट्याला शिव्या देता येतात, खऱ्याला काय देणार?

मी घरात गेले, देवापुढचा नारळ उचलला आणि तरातरा पाण्याकडं गेले. गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हटलं, "दर्या बाबा, पुनवेला तुला सोन्याचा देतील, हा साधाच घे. राग आला तर माज्यावर काढ." आणि सोडला. मग आमच्या होडीवरच्या झावळ्या ओढून फेकल्या आणि खांदा लावला. आमच्यात बाई होडीला हात लावत नाय. त्या दिवशी लावला. होडी काय एकटीच्यानं हलणार? पण काशीबाई आली. मग सुगंधा आली, मग माजी जाऊ. पाड्यांवर फिरणाऱ्या सगळ्या. सगळ्यांची एक-एक नवसी होती तिथं कोणी ना कोणी. होडीच्या खाली आमी ओंडके सरकवले आणि "हो" म्हणून जोर केला. होडी हलली. पण सरळ जायच्या ऐवजी तिरकी फिरली आणि एका बाजूला कलली.

दादूला ते बघवेना. मी ओळखते त्याला. बायको रडली तर एक वेळ सहन करील, पण होडी वाकडी जाताना नाय. "अगं, बाजू मोडाल," तो जाळं फेकून धावत आला. "डावीकडं ओंडका घाला. तिकडं नको, इकडं. सरका सगळ्या." आणि स्वतःचा खांदा लावला. तो खांदा लागला आणि होडी सरळ रेषेत पाण्यात गेली. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. मागं वळून त्यानं मामांकडं बघितलं.

"आता मागं बघून काय उपयोग," मी म्हटलं. "बसा."

डॉक्टर पेटी मांडीवर घेऊन बसला. मी चढले तेव्हा दादू म्हणाला, "तू कुठं?" मी विचारलं, "काटीपाडा कुठं हाय ते सांगा बघू." तो वल्हं मारू लागला.

पाणी आम्हाला आपणहून ढकलत होतं. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं मागं पळत होती. मला असं भरून आलं होतं, असं उधाण आलं होतं, की मी दुसरं वल्हं घेऊन बडवायला लागले. आणि मग पायाला गार लागलं. बघते तर होडीत घोट्याएवढं पाणी.

"अवो, हे काय?"

दादूचा चेहरा पांढरा पडला. "भोक," तो म्हणाला. पावसाळ्यात वाळूवर काढलेल्या होडीच्या बुडाला एक भोक असतं. त्यातली खुंटी काढून ठेवतात, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. होडी लावताना ती हाकणारा तांडेल सगळ्यात आधी ती खुंटी ठोकतो. पोराबाळांना ठाऊक असलेली गोष्ट. आणि माजा नवरा, सगळ्या बंदरातला मोठा तांडेल, होडी वाकडी जाते म्हणून धावला आणि खुंटी माळ्यावर ठेवून आला.

"समुद्राला राग आला," तो पुटपुटला.

"समुद्र कशाला रागवेल, मीच रागावलेय," मी म्हटलं. पाण्यात हात घालून चाचपडत ते भोक शोधलं. कमरेला खोचलेली माजी चुंबळ काढली, पिळून घट्ट गुंडाळली आणि टाचेनं भोकात ठोकून बसवली. तरी बाजूनं झिरपत होतं. मग डॉक्टरला म्हटलं, "बसलात काय, उपसा." त्यानं पेटी माज्या मांडीवर दिली, पायातले बूट काढले आणि बुटांनी पाणी उपसायला लागला. केळव्याच्या वाडीवाल्याचा पोरगा, आमच्या होडीत बुटानं पाणी उपसतोय. दादू एवढा घाबरलेला असून हसला. मग मी हसले. मग तो डॉक्टरही. मरणाच्या दारात चाललो होतो आणि तिघं खिदळत होतो, काय सांगू तुमाला.

पाण्यातून पाडा वेगळाच दिसतो. मी दोनदा चुकले. चिंचेचं झाड बघून "इथंच" म्हटलं तर ती दुसरीच चिंच. दादूनं एका शब्दानं टोमणा मारला नाय, कारण त्याला मारायला तोंड नव्हतं. शेवटी भिका दिसला. खाली काठावर येऊन उभा होता. होडी बघून त्याला विश्वास बसेना.

नवसी पडवीत पडली होती. मी तिला ओळखलं नाय. गाल आत, डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. "नवसे," मी म्हटलं. तिनं ऐकलं की नाय कळेना. डॉक्टरानं मनगट धरलं, मग कोपर, मग मानेवर बोट ठेवलं. त्याचं हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. शीर सापडत नव्हती. सुई टोचायचा, काढायचा, परत टोचायचा. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली. मी कंदील धरावा तसा तिचा हात धरून बसले आणि मनात म्हटलं, आता याला शिवी दिली तर हात थरथरेल, गप्प बस मंजुळे. आयुष्यात एवढी गप्प मी कधी बसले नव्हते. आणि मग नळीत रक्त दिसलं. डॉक्टरानं बाटली आढ्याला बांधली. पाणी थेंब थेंब नाय, धारेनं सोडलं.

मग धावपळ सुरू झाली. दादू आणि भिका घराघरातून आजारी माणसं उचलून पडवीत आणत होते. डॉक्टर एकाकडून दुसऱ्याकडं. मी बायकांना चुली पेटवायला लावल्या. जिथं म्हणून हंडा होता तिथं पाणी उकळलं. विहिरीवर कोणी गेलं तर तंगडी मोडीन असं सांगितलं आणि डॉक्टरानं दिलेली पांढरी पूड विहिरीत टाकून वर काट्या घातल्या. नवसीची पहिली बाटली संपली, दुसरी लावली. तिच्या ओठांना जरा रंग आला. आणि तेव्हा डॉक्टर माज्याजवळ येऊन हळू म्हणाला, "मंजुळाबाई, ही शेवटची आहे."

"मग?"

"हिला अजून लागतील. तिला लघवी झाली की समजायचं धोका टळला. मूत्रपिंडं चालू झाली. नाहीतर..."

"बाकीच्या मागून येणार म्हणालात."

"तुमच्या गावापर्यंत येतील. पुढं इथं कोण आणणार?"

दादू ऐकत होता. उठला आणि होडीकडं निघाला. मी मागं धावले. अजून भरतीच होती. एकट्या माणसानं पाण्याच्या उलट, गळक्या होडीत गावापर्यंत जायचं म्हणजे काळोख पडणार, आणि परत येईस्तोवर ओहोटी लागणार. आढ्याची बाटली अर्धी झाली होती. "पोचणार नाय तुमी," मी म्हटलं. "ठाऊक हाय," तो म्हणाला आणि वल्हं उचललं. मला त्याचा असा अभिमान वाटला आणि असा राग आला, की मी तिथंच काठावर चिखलात बसून रडायला लागले.

आणि खाडीच्या वळणावरून आवाज आला. वल्ह्यांचा. एक नाय, पुष्कळ. "हैयाऽ हो, हैयाऽ हो." पयली होडी वळली, मग दुसरी, मग तिसरी. आमच्या गावच्या सगळ्या होड्या. काहींवर तर अजून झावळ्या अडकलेल्या. नवशा होता, काशीबाईचा नवरा होता, गावातला एकूण एक वल्हं मारणारा होता, आणि वाट दाखवायला काशीबाई आणि सुगंधा. एका होडीत ठाण्याहून आलेल्या पेट्या, दुसऱ्या दोन होड्यांत केळव्याच्या वाड्यांतली शहाळी, डॉक्टरच्या बापानं निरोप कळताच गाडीत भरून पाठवलेली. आणि सगळ्यात पुढच्या होडीत, पागोटं घट्ट बांधून, नरहरी पाटील.

दादू पाण्यात उभाच राहिला. मामा उतरले आणि त्याच्यासमोर येऊन थांबले.

"सगळ्या एकदम लोटल्या," ते म्हणाले. "आता कोणाची आधी लागली, कोणी सांगून दाखवावं. पुढं काय झालं तर गावाचं झालं." मग माज्याकडं वळून म्हणाले, "रडतेस काय? पेटी उचल."

मी उचलली. अशी धावले त्या चढावर, की भिकाही मागं राहिला. डॉक्टरानं नवी बाटली लावली तेव्हा जुनीत बोटभर पाणी उरलं होतं. मग आणखी एक. बाकीच्यांनाही लागल्या. ज्यांना गिळता येत होतं त्यांना शहाळ्यांचं पाणी पाजायचं काम सुगंधानं घेतलं. पडवीभर नळ्याच नळ्या लोंबत होत्या आणि खाली पुरुष पेट्या चढवत होते, ओरडत होते, एकमेकांच्या पायात येत होते. कोळी आणि वारली अशी एवढी माणसं एका अंगणात मी कधी बघितली नव्हती.

ऊन कलायला आलं. मी नवसीचा हात धरून बसले होते. तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"मंजुळे," ती म्हणाली, "मला बाहेर ने."

"कुठं बाहेर? पडून राहा."

"ने म्हणते ना. लघवी लागलीय."

मी आणि भिकानं तिला उचललं, डॉक्टर बाटली हातात धरून मागून आला आणि कोपऱ्यात पाठ करून उभा राहिला. मी तिला दोन्ही हातांनी सावरून धरलं आणि कान देऊन ऐकत राहिले.

खालून मामांनी हाक मारली, "सूनबाई, नवसी कशी हाय?" ज्या सासऱ्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांना, साऱ्या गावाला आणि साऱ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडून सांगितलं, "मुतली मामा, नवसी मुतली." आणि त्या अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी डोक्यावरची पागोटी, टोप्या, जे हाताला येईल ते वर उडवलं.